कृष्णकांतरावांचे कोरीव यंत्र आणि भनोटसाहेबांची पाटी

सुज्ञ वाचकहो,

चंदीगड शहरी, सेक्टर चोवीसमधील एका सरकारी क्वार्टरच्या मागील बाल्कनीत सन दोन हजार एकपासून पुढे दोन वर्षे एक यंत्र कसे घडत गेले, त्या यंत्रापायी एका सालस कुटुंबावर राहते घर गमावण्याचा प्रसंग कसा ओढवला, आणि ज्या गृहस्थांनी बावीस वर्षांच्या नोकरीत एकही खोटा शेरा लिहिला नाही त्यांनी तो अखेर कोणत्या परिस्थितीत लिहिला, याचे क्रमवार निवेदन येथे करावयाचे योजिले आहे. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण नववीच्या पुढे सरकू शकले नाही. तथापि जे घडले ते काही डोळ्यांनी पाहिलेले व काही संबंधितांच्या तोंडून ऐकलेले असल्यामुळे, भाषेत उणीव राहिली तरी सत्यात राहणार नाही.

प्रकरणाचा आरंभ एका खिळ्यापासून झाला. हा खिळा कृष्णकांतराव वरणगावकर यांच्या क्वार्टरच्या दारावर, डोळ्यांच्या उंचीवर, पूर्वीच्या भाडेकरूने ठोकून ठेवलेला होता. त्यावर आपल्या नावाची लाकडी पाटी असावी, अशी इच्छा त्यांच्या पत्नी स्मितावहिनी यांनी एका रविवारी पोळ्या लाटता लाटता व्यक्त केली. बाजारातील सुताराने पाटी कोरून देण्यास आठ दिवसांची मुदत मागितली होती. ते ऐकून कृष्णकांतराव उद्गारले की, संगणकाने आज्ञा द्यावी आणि यंत्राने लाकूड कोरावे असे यंत्र हल्ली असते; ते घरी असते तर आठ दिवसांचे काम आठ मिनिटांत झाले असते.

“मग करा की घरी,” वहिनी म्हणाल्या, आणि पोळी उलटली.

इतिहासात मोठमोठ्या आपत्ती अशाच सहज बोललेल्या वाक्यांतून निर्माण झालेल्या असतील, असे लेखकास वाटते.

कृष्णकांतराव हे येथील एका मोठ्या वैद्यकीय संस्थेच्या उपकरण-दुरुस्ती विभागात पर्यवेक्षक होते. सरकारी संस्थेत एखादे उपकरण दुरुस्तीपलीकडे गेले की त्यावर ‘कंडेम’ असा शेरा मारून ते भंगारात काढतात. अन्य विभागांतील मंडळी हा शेरा इतक्या तत्परतेने मारीत की काही उपकरणांना आपण आजारी आहोत हे कळण्यापूर्वीच अंत्यविधी उरकलेला असे. कृष्णकांतरावांनी मात्र बावीस वर्षांत एकाही वस्तूस कंडेम केले नव्हते. रक्त घुसळण्याची यंत्रे, तराजू, सूक्ष्मदर्शक, एकदा तर अधीक्षकांच्या घरचा कूलर, सारे त्यांच्या टेबलावरून चालत परत गेले. कंडेमचा रबरी शिक्का त्यांच्या खणात होता. पण त्यावर शाईचा एक थेंबही नव्हता, आणि हे ते पाहुण्यांस उघडून दाखवीत.

अशा गृहस्थांनी यंत्र मनावर घेतल्यावर ते थोडक्यात आटोपणे शक्यच नव्हते.

मोहालीतील एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून त्यांनी आठ जुने प्रिंटर आणले. त्यांतील मोटारी यंत्राचे हातपाय होणार होत्या. हव्या होत्या तीन. उरलेल्या प्रिंटरांची कलेवरे दिवाणाखाली गेली, आणि दिवाणाखाली पूर्वीपासून राहणाऱ्या रजया कपाटावर गेल्या. इंडस्ट्रियल एरियातून आट्यांच्या लांब सळया आल्या. त्या सायकलीवरून आणताना वाटेतील चौकात एका मोटारीचा आरसा गेला, व त्या मोटारीचे मालक संस्थेतीलच हृदयविकारतज्ज्ञ निघाले. यंत्राचा पाट पुढेमागे सरकण्यासाठी खणांच्या पट्ट्या लागणार होत्या. त्या स्मितावहिनींनी नव्या पद्धतीच्या स्वयंपाकघराची हौस म्हणून नुकत्याच बसवून घेतलेल्या तीन खणांना होत्या. दुसऱ्या दिवसापासून खण जमिनीवर आले आणि चमचा हवा असला की घरातील माणसांना उकिडवे बसावे लागू लागले. अखेरीस प्रश्न आला तो कोरणाऱ्या पात्याला गरगर फिरवील अशा मोटारीचा. वेगवान, लहान आणि खात्रीची अशी मोटार घरात एकच होती. ती मिक्सरमध्ये होती.

मिक्सर गेल्यापासून वरणगावकरांच्या घरची चटणी वरच्या मजल्यावरील सोढीजींच्या घरी वाटली जात असे. चटणी वर जाई आणि सल्ला खाली येई.

सरदार गुरबचनसिंग सोढी हे रोडवेजमधून निवृत्त झालेले सद्‌गृहस्थ. वैद्यकीय संस्थेत नोकरी करणारा प्रत्येक मनुष्य डॉक्टर असतो अशी त्यांची श्रद्धा होती, आणि कृष्णकांतरावांनी आरंभी एकदा दुरुस्त करण्याचा यत्न करून पुढे ती श्रद्धा तशीच राहू दिली होती. सोढीजी रोज सकाळी चहाचा पेला हाती धरून बाल्कनीच्या कठड्याशी उभे राहत व यंत्राकडे, एखाद्या बसचे बॉनेट उघडलेले पाहावे तसे पाहत. सांगाडा हलका आहे, बसचा वापरा. सळयांना मोहरीचे तेल द्या. पंचकुल्यात आपला एक भाचा आहे, तो काही करीत नाही पण त्याला सगळे ठाऊक असते. मुल्लानपूरला एक लोहार आहे, तो ट्रॅक्टरच्या सुट्या भागांतून काहीही करतो, विमान सोडून. कृष्णकांतराव प्रत्येक सल्ला ऐकून घेत आणि त्यांतील एकही पाळीत नसत; यामुळे सोढीजींच्या मनात थोडी अढी बसली, जी पुढे महागात पडली.

एक सल्ला मात्र प्रस्तुत लेखकाने, म्हणजे कृष्णकांतरावांच्या विभागातील मदतनिसाने, दिला होता, तो येथे नोंदवणे क्रमप्राप्त आहे. मोटारींच्या तारा जोडण्यासाठी कृष्णकांतरावांनी भंगारातील सहा सहा तारांचे प्लग वापरले होते. ते दोन्ही बाजूंनी सारखेच बसत. सुलटा लावला तर मोटार उजवीकडे फिरे आणि उलटा लावला तर डावीकडे. मी म्हणालो, “साहेब, एका बाजूला रंगाची खूण करू काय?” त्यावर ते शांतपणे उत्तरले, “बाळकृष्ण, ज्याने बनवले त्याला खूण कशाला?” वाचकांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे.

यंत्र उभे राहिले. पण उभे राहणे आणि चालणे यांत जे अंतर माणसाच्या बाळाच्या बाबतीत एखाद्या वर्षाचे असते, ते येथेही तितकेच पडले. कन्या कादंबरी बारावीत होती. कृष्णकांतराव आलेखाच्या कागदावर अक्षर काढीत, त्याच्या वळणावळणाचे आकडे मांडीत, आणि कादंबरी ते संगणकात भरी. पहिल्याच दिवशी यंत्राने ‘व’ हे अक्षर कोरण्याऐवजी पाट सरळ पुढे नेला, पट्ट्यांच्या बाहेर काढला आणि तुळशीच्या कुंडीत टाकला. दुसऱ्या खेपेस त्याने लाकूड सोडून खालचे टेबल कोरले. तिसऱ्या खेपेस हादऱ्यांमुळे सारे यंत्रच इंचाइंचाने कठड्याकडे चालू लागले, आणि कृष्णकांतराव त्यावर बसले तेव्हा कुठे थांबले.

“पापा, यार, बोर्ड का पेपर है मेरा मार्च में,” कादंबरी म्हणाली. “आपकी मशीन पहले पास होगी या मैं?”

पोरीला मराठी सगळी समजे, पण उत्तर ती हिंदीतच देई. कृष्णकांतरावांनी तिच्या हाती पुढच्या अक्षराचे आकडे दिले.

खरा घात झाला तो त्या हिवाळ्यातील एका क्रिकेट सामन्याच्या दिवशी. मिक्सरची मोटार सुरू झाली की वरच्या मजल्यावरील दूरदर्शन संचावर पांढऱ्या रेघांचा पाऊस पडे. सामन्याचे अखेरचे षटक सुरू असता कृष्णकांतरावांनी मोटार सुरू केली, आणि ती बंद झाली तेव्हा सामना संपलेला होता. सोढीजी खाली आले नाहीत. दहाव्या दिवशी नोटीस आली.

घरवाटप पाहणाऱ्या कार्यालयाची ती नोटीस होती. निवासी क्वार्टरमध्ये कारखाना चालविला जात असल्याची निनावी तक्रार प्राप्त झाली असून, पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास वाटप रद्द करून जागा खाली करून घेण्यात येईल, असा तिचा आशय होता. स्मितावहिनींनी ती एकदा वाचली, घडी घातली आणि देवापुढे ठेवली. कादंबरीच्या परीक्षेस सात आठवडे होते आणि बाहेर भाड्याने घर घ्यायचे म्हणजे अर्धा पगार घरमालकाच्या दारात ठेवणे होते, हे सर्वांनाच ठाऊक होते.

सायंकाळी सोढीजी स्वतः चटणीचा डबा घेऊन खाली आले आणि त्यांनी अत्यंत कळकळीने खुलाशाचा मसुदा सांगण्यास आरंभ केला. “लिखो, डाक्टर साब, कि शिकायत में जो ‘दिन-रात भारी मशीनरी’ लिखा है, वो गलत है.” कृष्णकांतराव लिहिता लिहिता थांबले. नोटिशीत तक्रारीचा मजकूर दिलेलाच नव्हता. सोढीजींच्याही ते ध्यानात आले. त्यांनी पगडी नीट केली व चटणीत मीठ थोडे कमी पडले आहे असे सांगितले. त्यानंतर मात्र ते जे मनापासून मदतीस लागले, ते अखेरपर्यंत. मनुष्याचा स्वभाव असा गुंतागुंतीचा आहे.

कार्यालयात कृष्णकांतरावांच्या तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या खेपेस त्यांना एक फॉर्म मिळाला, ज्यात कारखान्याचे मासिक उत्पादन भरावयाचे होते. त्यांनी शून्य भरले. दुसऱ्या खेपेस कारकुनाने शून्याचे कारण विचारले आणि ते ‘आजारी उद्योग’ या रकान्यात नोंदवावे काय, अशी पृच्छा केली. कारखाना नाहीच, असे कृष्णकांतरावांनी निवेदन केल्यावर, कारखाना नसल्याचा दाखला उद्योगांच्या नोंदणीचे काम पाहणाऱ्या दुसऱ्या कार्यालयाकडून आणा, असे त्यांस सांगण्यात आले. तेथे गेले तर तेथील बाईंनी सौजन्यपूर्वक समजावले की आम्ही दाखला केवळ नोंदलेल्या कारखान्यांस देतो; आपण आधी कारखाना नोंदवा, मग तो नसल्याचे पाहता येईल. तिसऱ्या खेपेस जागेची तपासणी ठरली. तपासणी अधिकारी होते हरबंसलाल भनोट, आणि त्यांनी जाता जाता नियमही सांगितला: यंत्र चालून त्यातून वापरण्याजोगी वस्तू निघाली तर तो कारखाना, न निघाली तर ते भंगार, आणि घरात भंगार ठेवण्यास मनाई नाही.

वाचकहो, येथे कृष्णकांतरावांच्या स्थितीचा विचार करावा. दोन वर्षे जे यंत्र चालावे म्हणून त्यांनी मिक्सर, खण आणि शेजारधर्म यांची आहुती दिली, ते आता चालू नये यावर सारे घर अवलंबून होते. आणि त्याच आठवड्यात, अखेर कंटाळून सळयांना मोहरीचे तेल दिल्यापासून, ते बरे चालू लागले होते.

“अहो, आज ते बिघडलेलंच असू द्या,” स्मितावहिनी म्हणाल्या.

“मी मुद्दाम काही बिघडवणार नाही,” कृष्णकांतराव म्हणाले. “आजवर केलं नाही. ते आपल्या कर्मानं बंद पडलं तर पडेल.”

“आणि आपल्या कर्मानं चाललं तर?”

यावर ते उठून आंघोळीस गेले. कारण हे संभाषण तपासणीच्याच सकाळी चालले होते. तेवढ्यात वहिनी तुळशीला पाणी घालून आल्या. पुढे ते शर्ट घालून, भांग पाडून, आरशापुढे बराच वेळ स्वतःकडे पाहत उभे असता वहिनी तुळशीला पुन्हा एकदा पाणी घालून आल्या. तुळशीच्या तहानेकडे त्या वेळी कोणाचेच लक्ष नव्हते.

भनोटसाहेब अकरा वाजता आले. भरदार देह, पिकलेल्या मिशा, हातात फायलींची पिशवी. सोढीजी साक्षीदार म्हणून आपण होऊन हजर होते, आणि मी लाकडाची फळी धरण्यास. बाल्कनी अशी अरुंद की भनोटसाहेब आणि सोढीजी उभे राहिल्यावर यंत्राचे दर्शन इतर कोणास घडणे शक्य नव्हते. कृष्णकांतराव आतल्या खोलीत, खिडकीपाशी संगणकावर बसले.

“कुछ बनाओ जी,” भनोटसाहेब म्हणाले. काय बनवू, असे विचारता त्यांनी क्षणभर विचार केला आणि काहीशा संकोचाने सांगितले की, घरच्या गेटवर नावाची पाटी नाही, मिसेस वर्षभर मागे लागली आहे.

कृष्णकांतरावांनी स्मितावहिनींकडे पाहिले नाही. आलेखाच्या कागदावर त्यांनी ‘भनोट’ ही तीन अक्षरे काढली, आकडे मांडले, कादंबरीने ते भरले. फळीच्या मध्यावर पाते टेकवून मी बाजूला झालो. मोटार सुरू झाली.

आणि यंत्र चालले. बाहेरचे काही दिसत नसल्यामुळे कृष्णकांतराव केवळ ऐकत होते. पाते लाकडात उतरल्याचा खोल आवाज, वळणावर किंचित सैल होणारी घरघर, एका अक्षरातून निघून दुसऱ्यात शिरताना मधली शांतता. कोठेही अडखळ नाही, घसरण नाही. अखेरीस शिरोरेषेचा एक लांब, सलग, तृप्त आवाज आला, आणि यंत्र आपल्या जागी परत येऊन थांबले. दोन वर्षांत ते प्रथमच आज्ञेबरहुकूम थांबले होते. घर जाणार हे कृष्णकांतरावांस त्या क्षणी कळले. तरीही त्यांच्या मुखावर जे हसू उमटले ते त्यांना आवरता आले नाही.

मी कपड्यांच्या ब्रशने भुसा झाडला.

भनोटसाहेबांनी मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. सोढीजींनी खिशातून चष्मा काढला. लहानपणी ते शाळेत उर्दू शिकलेले.

“ये तो उर्दू में लगता है,” ते म्हणाले, आणि वाचण्याचा प्रामाणिक प्रयत्न करून पुढे म्हणाले, “पर उर्दू भी नहीं है.”

अक्षरे सुबक होती, खोली एकसारखी होती, फक्त सारे नाव आरशात पाहावे तसे उलटे उमटले होते. कृष्णकांतराव बाहेर आले, त्यांनी एक दृष्टिक्षेप टाकला, आणि त्यांना सर्व समजले. एक प्लग उलटा बसला होता. काढून फिरवून लावायचा. अर्ध्या मिनिटाचे काम. त्यांचा हात प्लगच्या दिशेने निघालासुद्धा.

“चाय ठंडी हो रही है,” आतून स्मितावहिनींचा आवाज आला. तो आवाज मी आजवर इतका पातळ ऐकलेला नव्हता.

हात थांबला.

“वरणगावकरजी,” भनोटसाहेबांनी विचारले, “ये ठीक हो सकता है?”

असा प्रश्न कृष्णकांतरावांस बावीस वर्षे रोज विचारला जात असे, आणि त्याचे एकच उत्तर त्यांना ठाऊक होते. ते फळीकडे पाहत राहिले. पलीकडे खिडकीतून भिंतीवर डकवलेले कादंबरीच्या परीक्षेचे वेळापत्रक दिसत होते. त्याखाली कादंबरी उभी होती, आणि या वेळी ती विनोद करीत नव्हती.

“नहीं,” ते म्हणाले. “नहीं हो सकता.”

“लिख के दे दो फिर.”

त्यांनी लिहून दिले. सदर यंत्र कोणतीही वापरण्याजोगी वस्तू निर्माण करण्यास असमर्थ असून दुरुस्तीपलीकडचे आहे. भनोटसाहेबांनी अखेरचा शब्दही सांगितला, कारण त्यावाचून फाइल बंद होत नाही. आणि कृष्णकांतरावांनी आपल्या स्वच्छ वळणदार अक्षरांत ‘कंडेम’ असे लिहून खाली सही केली. भनोटसाहेब ती उलटी पाटी पुरावा म्हणून पिशवीत घालून घेऊन गेले. घर राहिले. सोढीजींनी लाडू वाटले आणि असेही सांगितले की यंत्र चालणार नाही हे आपण पहिल्याच दिवशी ओळखले होते.

त्यानंतर कृष्णकांतराव बाल्कनीत गेले नाहीत. यंत्रावर एक जुनी चादर आली. संस्थेतही त्यांनी पाहुण्यांस शिक्का दाखविणे बंद केले. कादंबरी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. ते हसले, पेढे वाटले; चादर मात्र तशीच राहिली. वहिनींनी दोनदा नवा मिक्सर आणू म्हटले, तर ते म्हणाले, आणा.

दिवाळीच्या आधी चार दिवस एक पत्र्याचा डबा आला. आमच्या या शहरात अशी रीत आहे की घरून पीठ, तूप आणि साखर बेकरीत न्यायची, आणि बेकरीवाल्याने त्याची बिस्किटे भाजून डबा भरून द्यावा. हा डबा भनोटसाहेबांच्या घरचा होता. आत कणकेची गोल, खरपूस बिस्किटे होती, आणि प्रत्येक बिस्किटावर उठावदार, सुबक, सरळ अक्षरांत लिहिले होते: भनोट.

सोबत चिठ्ठी होती. तिचा भावार्थ असा की, लाकडी पुरावा नोंदविण्यास रजिस्टरात रकाना नसल्यामुळे पाटी साहेबांच्या घरीच राहिली. बेकरीत सगळ्यांचे डबे एकमेकांत मिसळतात म्हणून मिसेसची नेहमीच तक्रार असे. तिने ती पाटी कच्च्या बिस्किटांवर दाबून पाहिली, आता आपली बिस्किटे ओळखू येतात, आणि मोहल्ल्यातील चार घरांनी आपापल्या नावाची अशीच उलटी पाटी कोठे मिळेल म्हणून विचारले आहे. शेवटी लिहिले होते, “चिट्ठी पढ़कर फाड़ दीजिएगा. सरकारी रिकॉर्ड में मशीन कंडेम है.”

कृष्णकांतरावांनी एक बिस्कीट उचलून खिडकीच्या उजेडात धरले. शिरोरेषेवर बोट फिरवले. कोठेही अडखळ नव्हती.

“अहो,” स्मितावहिनी हळूच म्हणाल्या, “तुम्ही आंघोळीला गेलात ना, तेव्हा तो प्लग मी काढला होता. म्हटलं, चालायलाच नको ते. मग तुम्ही भांग पाडत होतात. चार माणसांत तुमचं यंत्र हूं की चूं करणार नाही, असं मनात आलं, आणि माझ्यानं राहवेना. म्हणून परत लावला.”

त्यांनी बिस्कीट पुन्हा डब्यात ठेवले.

“उलटा लावलास,” ते म्हणाले.

“सुलटा कोणता ते मला काय ठाऊक? खूण कुठे होती त्यावर?”

यावर ते उठले, आतल्या कपाटातून वहिनींच्या नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली घेतली, बाल्कनीत जाऊन चादर काढली, आणि तिन्ही प्लगांच्या एका एका टोकास एक एक ठिपका दिला. मग बाटलीवर फुंकर घालून झाकण घट्ट लावले, ती जेथल्या तेथे ठेवली, आणि एका बिस्किटाचा अर्धा भाग वहिनींना देऊन उरलेला स्वतः खाल्ला.

वरणगावकरांच्या दारावर आजही पाटी नाही. ती कोरायला घेतली तर आठ मिनिटे लागतील, परंतु दारावर लावलेली पाटी हा सरकारी रेकॉर्डविरुद्ध उघड पुरावा होईल, म्हणून खिळा तसाच आहे. आत काचेच्या कपाटात, संस्थेने दिलेल्या स्मृतिचिन्हाशेजारी, एक कणकेचे बिस्कीट ठेवलेले आहे. पाहुण्यांनी विचारले तर कृष्णकांतराव एवढेच सांगतात की, ते भनोटसाहेबांचे आहे.

येथवर आपण हे निवेदन शांतचित्ताने वाचलेत, त्यात कोठे शब्द चुकला असल्यास तो माझ्या पदरी घालून कृष्णकांतरावांस निर्दोष मानाल, असा विश्वास आहे. आपल्या वेळेबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
बाळकृष्ण धोंडू सपकाळे,
मदतनीस, उपकरण-दुरुस्ती विभाग, चंदीगड